हें लिहिलें कोणासाठीं?

न्हावऱ्यास आमच्या आप्तांच्या घरीं एका सायंकाळीं आम्हीं आपला नवा निबंध मोठ्यानें वाचून दाखविला. भाषा भारदस्त होती. पदवीधर भाचेमंडळींनीं माना डोलाविल्या. माजघराच्या उंबऱ्याशीं वाती वळीत बसलेल्या वृद्ध आत्याबाई मात्र एवढेंच म्हणाल्या, "बरें आहे रे बाबा, पण हें लिहिलेंस कोणासाठीं?"

आम्ही निरुत्तर झालों. दुसऱ्या दिवशीं चौफुल्याच्या रस्त्यास लागलों, पारगावापाशीं भीमा ओलांडली आणि केडगांवीं पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाजवळ येतांच तो प्रश्न पुन्हां मनांत उभा राहिला. रमाबाईंच्या धर्मांतराविषयीं आपल्या घरांतून पूर्वीं पुष्कळ वाद झाले. ते येथें बाजूस ठेवूं. लेखिका या नात्यानें त्यांच्यापासून कांहीं शिकण्यासारखें आहे काय, एवढेंच पाहूं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई यांच्यापाशीं रमाबाईंनीं संस्कृताचें अध्ययन केलें. १८७८ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविलें. १८८२ सालचें त्यांचें 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें गेलें स्त्रियांसाठीं. परंतु त्याची भाषा फार संस्कृतप्रचुर होती. पुढें केडगांवीं त्यांच्याभोंवतीं दुष्काळानें निराधार झालेल्या मुली व स्त्रिया जमल्या. त्यांना अक्षरओळख झाली, तरी ग्रांथिक मराठी त्यांच्या आवाक्याबाहेरची. तेव्हां मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलाचें भाषांतर करतांना रमाबाईंनीं सोप्या मराठीचा कटाक्ष धरिला. आयुष्याचीं अखेरचीं बरींच वर्षें या कामीं गेलीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला; ग्रंथ छापून पुरा झाला तो १९२४ सालीं. तो सदनाच्याच छापखान्यांत, तेथील स्त्रियांच्या हातून छापला गेला. ज्यांच्यासाठीं लिहिलें, त्यांच्याच हातांनीं त्याचे खिळे जुळविले!

अल्पविद्य मनुष्य सोपें लिहितो, कारण त्यापाशीं दुसरा शब्द नसतो. पण संस्कृत जिच्या जिव्हाग्रीं, तिनें ओठांवर आलेला भारी शब्द परतवून घरगुती शब्द शोधावा, हें व्रत कठीण आहे. भारी शब्दानें लेखकाची विद्वत्ता दिसते. सोप्या शब्दानें वाचकाची वाट मोकळी होते. दोहोंपैकीं आपणांस काय हवें, हें लेखणी उचलण्यापूर्वीं ठरविलें पाहिजे.

परतल्यावर आम्हीं तो निबंध पुन्हां हातीं घेतला आणि आत्याबाईंस न कळणारा प्रत्येक शब्द खोडून त्याजागीं साधा शब्द घालूं लागलों. बहुतेक परिच्छेद तरले. दोन परिच्छेदांत मात्र अलंकार उतरवितांच आंत विचार म्हणून कांहींच उरलें नाहीं! ते आम्हीं मुकाट्यानें काढून टाकले.

आपल्या घरांतून पुष्कळ तरुण-तरुणी हल्लीं लिहीत असतात. त्यांस आमची सूचना एवढीच कीं, लेख संपादकाकडे धाडण्यापूर्वीं एकदां माजघरांत वाचावा. तेथें वाती वळणारे हात जर ऐकतां ऐकतां थांबले, तर लेख साधला असें खुशाल समजावें.