तासाभराचा तर प्रश्न आहे!

मुंबई सोडून बदलापूर, टिटवाळा किंवा विरारकडे घर घ्यायचं ज्या घरात ठरत असतं, तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तासाभराचा तर प्रश्न आहे." फ्लॅट दाखवायला आलेला एजंट ते म्हणतो, दोन वर्षांपूर्वी तिकडे गेलेला मावसभाऊ म्हणतो, आणि जाहिरातीत ते मिनिटांच्या हिशेबात छापलेलं असतं. वन रूम किचनच्या किमतीत टू बीएचके मिळतोय, मुलांना वेगळी खोली होतेय, आजी-आजोबांना खिडकीतून झाडं दिसणार आहेत. समोर एवढं सगळं असताना तासाभरासाठी कोण अडून बसेल? सह्या होतात, टोकन दिलं जातं.

हा तास खरा नाही. आणि माणसं हे गणित वर्षानुवर्षं तसंच चुकवतात, याचं वाईट वाटतं.

तो आकडा येतो कुठून? रेल्वेच्या वेळापत्रकातून. सीएसएमटी ते कल्याण हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर, आणि जलद लोकलला त्यासाठी तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. इथवर ठीक. पण हा गाडीचा वेळ झाला, माणसाचा नव्हे. गाडी स्टेशनपासून स्टेशनपर्यंत धावते. माणसाला घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत जायचं असतं. मधली शेअर रिक्षाची रांग, पुलावरची गर्दी, चढता न आल्याने सोडून दिलेली गाडी, ऐनवेळी बदललेला फलाट यांतलं काहीच वेळापत्रकात नसतं. बसायला जागा मिळावी म्हणून डोंबिवलीचे कितीतरी प्रवासी सकाळी उलट दिशेची गाडी पकडून कल्याणला 'डाऊन' जातात आणि त्याच गाडीने परत मुंबईकडे निघतात. त्यात गेलेली मिनिटंही कुणी मोजत नाही.

समजा, परळच्या चाळीतलं एक कुटुंब बदलापूरला गेलं. घर ते स्टेशन वीस मिनिटं, गाडीची वाट पंधरा मिनिटं, लोकलचा सुमारे दीड तास आणि सीएसएमटीहून कचेरीपर्यंत दहा मिनिटं. झाले सव्वादोन तास. परळहून हाच माणूस पाऊण तासात पोहोचत होता. म्हणजे एका बाजूला दीड तास वाढला, दोन्ही बाजू धरून तीन. महिन्याचे २४ कामाचे दिवस धरले तर ७२ तास. आठ तासांच्या नऊ पूर्ण पाळ्या, दर महिन्याला, बिनपगारी.

रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा पास अजूनही स्वस्त आहे, त्यामुळे हा खर्च डोळ्यांवर येत नाही. घरखर्चाच्या वहीत 'प्रवास' या ओळीसमोर लहानसाच आकडा दिसतो आणि सगळ्यांना वाटतं, निभावलं.

दुसरी चूक किलोमीटर मोजण्याची. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर आहे आणि सीएसएमटी ते बदलापूर सुमारे ६८. नकाशावर हा फरक आठच किलोमीटरचा दिसतो, पण रेल्वेच्या दृष्टीने ही दोन गावं फार वेगळी आहेत. विरारपर्यंत चार मार्गिका आहेत, त्यामुळे धिम्या आणि जलद गाड्या वेगवेगळ्या रुळांवरून धावतात. मध्य रेल्वेवर ही सोय कल्याणपर्यंतच आहे. कल्याणला रूळ फुटतात, एक फाटा कर्जतकडे जातो आणि दुसरा कसाऱ्याकडे. त्यांपैकी प्रत्येकावर जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोनच मार्गिका आहेत, आणि त्यांवरूनच लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या अशा सगळ्या सोडाव्या लागतात. म्हणून कल्याणपलीकडे गाड्यांमधलं अंतर एकदम वाढतं. डोंबिवलीला एक गाडी चुकली तर काही मिनिटांत दुसरी येते. वांगणीला चुकली, तर त्या दिवसाचं वेळापत्रकच कोसळतं. विरारपुढे डहाणूपर्यंतही हीच गोष्ट. थोडक्यात, घर किती दूर आहे याआधी त्या स्टेशनात किती मार्गिका येतात हे विचारायला हवं. हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं.

"पण नव्या मार्गिका होतायत ना?" होतायत. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आणि विरार-डहाणू चौपदरीकरण हे दोन्ही मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात आहेत. मेट्रोही येते आहे. प्रश्न येण्याचा नाही, कधी येण्याचा आहे. नवी मुंबई मेट्रोच्या बेलापूर-पेंधर मार्गाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि तो प्रवाशांसाठी खुला झाला १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. अंतर होतं जेमतेम ११ किलोमीटर. भूमिपूजनाच्या भरवशावर घर घेणाऱ्या कुटुंबातलं पहिलीतलं मूल तोवर कॉलेजात पोहोचलं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, आणि त्यानंतर कल्याणच्या कितीतरी पत्रकांवर ती झाल्यासारखीच छापली जाऊ लागली. जे आज चालू आहे तेवढंच धरून हिशेब करावा.

गर्दीचा मुद्दा काढला की "सवय होते" असं उत्तर मिळतं. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, असं रेल्वेची आकडेवारीच सांगते. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान, शेजारशेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. ती सगळी रोजची, सवयीची माणसं होती. एवढं होऊनही कुणी "सवय होते" म्हणून विषय मिटवत असेल, तर त्याला थांबवायलाच हवं.

या 'तासाभरा'तली सगळ्यात मोठी गफलत मात्र वेगळीच आहे. तो तास घरातल्या एकाच माणसाचा असतो, बहुतेकदा फोर्टात किंवा बीकेसीत नोकरी करणाऱ्या पुरुषाचा. घर मात्र सगळ्यांचं हलतं. बायकोची नोकरी अंधेरीला असेल तर तिला आधी घाटकोपरला उतरावं लागतं, मग मेट्रो पकडावी लागते, किंवा दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे गाठावी लागते. मुलीने रुईया किंवा रुपारेलला प्रवेश घेतला तर साडेसातच्या तासिकेसाठी तिला पाचच्या सुमारास घर सोडावं लागेल. आजोबांचे कागद केईएममध्ये आहेत आणि दर महिन्याला तपासणी तिथेच आहे. धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं, तर आईवडील परत येईपर्यंत, म्हणजे रात्री साडेआठ-नऊपर्यंत मूल सांभाळणारं कुणीतरी शोधावं लागेल. परळच्या चाळीत शेजारच्या काकू ते काम न सांगता करत होत्या.

अशा कुटुंबांत पुढे काय होतं, ते ठाणे-पालघर जिल्ह्यांत राहणाऱ्या कुणालाही विचारावं. बहुतेकदा बाईच नोकरी सोडते किंवा घराजवळची कमी पगाराची धरते. कर्ज मंजूर झालेलं असतं दोन पगारांवर, आणि हप्ते फेडायला उरतो एक. घर स्वस्त पडलं की महाग, हे त्या दिवशी कळतं.

ही गोष्ट गिरणी कामगारांइतकी कुणाला कळत नसेल. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं चाळीतली खोली विकून डोंबिवली, नालासोपारा, विरारकडे गेली. सरकारने शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली, तेव्हा कामगारांच्या संघटनांनी ती नाकारली आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात येऊन मुंबईतच घरं मागितली. त्यांना फुकाचा हट्ट धरणारे म्हणणं सोपं आहे. कर्जतच्या गाडीने रोज परळ-लालबागला येणं म्हणजे काय, हे त्यांच्या घरात दोन पिढ्यांनी पाहिलेलं आहे.

याचा अर्थ जाऊच नये असा नाही. नोकरी ठाण्यात, ऐरोली-महापे पट्ट्यात किंवा अंबरनाथच्या एमआयडीसीत असेल, तर डोंबिवली-अंबरनाथचं घर परळच्या घरापेक्षा जवळ पडतं. आठवड्यात तीन दिवस घरून काम असेल तर वरचा ७२ तासांचा आकडा निम्म्याहून खाली येतो. माणसं जातायतच, आणि लाखांनी जातायत: २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली, आणि त्याच काळात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली, असं जनगणना सांगते. बदलापूर एक लाखाच्या आतून पावणेदोन लाखांवर गेलं. प्रश्न एवढाच की, निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाचा प्रवास वेगवेगळा मांडून पाहिला होता का. फ्लॅट पाहायला बहुतेकजण रविवारी दुपारी, बिल्डरने पाठवलेल्या गाडीतून जातात. तेच अंतर जुलैतल्या एखाद्या सोमवारी सकाळी, लोकलने आणि शेअर रिक्षाने, बायकोने तिच्या कचेरीपर्यंत आणि नवऱ्याने त्याच्या कचेरीपर्यंत काटून पाहावं. टोकन त्यानंतर द्यावं.

बाकीचे गैरसमज या मानाने लहान आहेत.

"धरणं तिकडेच, म्हणजे पाणी भरपूर." मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी सोडले तर बाकीचे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतच आहेत हे खरं. पण ते पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून थेट मुंबईला जातं. जवळपास निम्मी मुंबई ज्या भातसाच्या पाण्यावर जगते, ते धरण शहापूर तालुक्यात आहे, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात. सोसायटीत पाणी पालिकेच्या नळाचं येतं की टँकरचं, हे सेक्रेटरीला नव्हे, तिथल्या बायकांना विचारावं.

"हवा स्वच्छ." कुठली, ते पाहायला हवं. डोंबिवलीत एमआयडीसीजवळ २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, आणि मे २०१६ व मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत माणसं मारणारे स्फोट झाले.

"पाणी तुंबतं ते मुंबईत." २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. नदीकाठचं दृश्य म्हणून विकलेली घरं याच खोऱ्यात आहेत.

"मुद्रांक शुल्क तरी कमी." उलट आहे. मुंबईत ते ६ टक्के, ठाणे आणि नवी मुंबईत ७ टक्के. घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळते. बांधकाम चालू असेल तर वर जीएसटी: महामुंबईत ६० चौरस मीटरपर्यंतच्या आणि ४५ लाखांपर्यंतच्या घराला १ टक्का, नाहीतर ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला तो लागत नाही.

"वर्षाच्या मध्ये शाळा बदलता येत नाही." शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र हे कलम लागू नाही, त्यामुळे तिथली जागा आधी पक्की करावी.

"गाडीचा नंबर बदलावा लागतो." राज्यातल्या राज्यात नाही, एमएच-०१ ची गाडी कल्याणला एमएच-०१ च राहते. आरसीवरचा पत्ता तेवढा ३० दिवसांत कळवायचा. मतदार यादीतलं नाव हलवायला नमुना ८ भरायचा.

"तिकडे सांस्कृतिक जीवन नाही." ९० वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ मध्ये डोंबिवलीत झालं, आणि गुढीपाडव्याच्या ज्या स्वागतयात्रा आज गिरगावातही निघतात, त्यांची सुरुवातही डोंबिवलीचीच.

एक गैरसमज मात्र लहान म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण त्यात सगळी पुंजी जाते: "रेराचा नंबर आहे, म्हणजे इमारत अधिकृत." कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथे घर घेणाऱ्यांकडे नंबर होता, करारनामा होता, अनेकांकडे बँकेचं कर्जही होतं. नोंदणी म्हणजे बिल्डरने सादर केलेल्या कागदांची नोंद. ते कागद खरे आहेत का, हे परवानगी ज्या कचेरीने दिल्याचं लिहिलंय त्याच कचेरीत कळतं. म्हणून बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी, पालिकेच्या नगररचना विभागात जावं, तो क्रमांक त्यांच्या नोंदीत त्याच सर्व्हे नंबरवर आणि तेवढ्याच मजल्यांसाठी आहे का ते पाहावं, आणि तोंडी उत्तरावर न थांबता माहिती अधिकारात लेखी मागावं. अर्जाची फी १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. "तोवर फ्लॅट जाईल" असं एजंट म्हणाला, तर जाऊ द्यावा.