पदकाच्या कडेवरचा नंबर

सोलापूर जिल्ह्यात 'आमचे पणजोबा लढाईवर गेले होते' असं सांगणारी घरं बरीच आहेत. चिंचोळी एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या त्यांच्या पणतूला मात्र लढाई कोणती, पलटण कोणती, हे माहीत असेलच असं नाही. कागद उरलेला नसतो. जुन्या ट्रंकेच्या तळाशी एखादं काळवंडलेलं पदक तेवढं असतं.

शोध तिथूनच सुरू करावा. पहिल्या महायुद्धानंतर दिलेल्या 'ब्रिटिश वॉर मेडल'च्या एका बाजूला राजा पाचवा जॉर्ज असतो, पण कामाची असते ती पदकाची कड. ते उभं धरून भिंगाखाली फिरवलं की नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीच्या बारीक अक्षरांत ठोकलेली दिसते. पदक चांदीचं असेल तर माणूस सहसा लढाऊ पलटणीत होता. कांस्याचं असेल तर बहुधा मजूर तुकडीत किंवा सैन्याच्या चाकरीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना पदकं कोरी मिळाली, भारतीयांच्या पदकांवर मात्र नावं घातली गेली. म्हणून पदक घासूनपुसून लख्ख करण्याचा मोह टाळावा. झिजलेला नंबर परत मिळत नाही.

पलटण कळली की रणांगण उलगडतं. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. डिसेंबर 1915 पासून कुत-अल-अमारात त्या वेढ्यात अडकल्या. अन्न संपलं आणि 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यातल्या अनेक भारतीय कैद्यांना तुर्कांनी रेल्वेच्या बांधकामाला जुंपलं. घरी सांगितली जाणारी 'तुर्कांच्या कैदेची' गोष्ट म्हणूनच कपोलकल्पित मानू नये.

पुढचा टप्पा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन), म्हणजे युद्धात मरण पावलेल्यांच्या नोंदींचा. त्या संगणकावर फुकट पाहता येतात आणि कित्येकदा वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही मिळतो. पण शोधताना जुना नकाशा डोळ्यांपुढे हवा. जिल्हा 'शोलापूर' असा लिहिलेला असतो. मोहोळ तेव्हा माढा तालुक्यात होतं, अक्कलकोट स्वतंत्र संस्थान होतं. आडनाव तर इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं उतरलेलं. एक स्पेलिंग चाललं नाही की दुसरं टाकून पाहायचं.

रायगडमधल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांचं उदाहरण घ्या. 10 जुलै 1944 रोजी इटलीतल्या तिबेर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले, ती जागा काबीज केली आणि तिथेच गोळ्या लागून पडले. वय अवघं 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. 2023 साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं.

घाडगे सापडतात, कारण ते धारातीर्थी पडले. खरी अडचण जिवंत परतलेल्यांची आहे आणि संख्येने तेच कितीतरी जास्त. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात सुमारे 25 लाख माणसं होती, त्यांतली जवळपास 87 हजार मृत्युमुखी पडली. बाकीच्यांची नावं आयोगाच्या यादीत शोधून मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी डिस्चार्जचा दाखला, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रासारखी रेजिमेंटची ठाणी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, एवढेच मार्ग उरतात. दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मासिक अनुदान देत आलं आहे. पणजीने कधी त्यासाठी अर्ज केला असेल, तर सैनिकाचा नंबर त्या अर्जात सापडू शकतो. कार्यालयात जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला एवढं विचारून घ्यावं: मनीऑर्डर कुठून यायची, आणि ती कधी थांबली?