तलवारबाजी प्रशिक्षणातील हमीपत्र : कायदेशीर मर्यादा आणि प्रशिक्षकाचे उत्तरदायित्व

प्रस्तावना

तलवारबाजी हा १८९६ च्या अथेन्स स्पर्धेपासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये समाविष्ट असलेला क्रीडाप्रकार आहे. भारतीय तलवारबाजी महासंघाची स्थापना १९७४ मध्ये झाली. मात्र ऑलिम्पिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व प्रथम २०२१ मध्ये, टोकियो येथे, भवानीदेवी हिने केले. दरम्यानच्या काळात हा खेळ शालेय क्रीडास्पर्धांतही आला. दिंडोरीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शारीरिक शिक्षणाचे एकच शिक्षक अनेक खेळांचा भार वाहतात. तेथील विद्यार्थ्याने हा खेळ शिकावयाचे ठरविले, तर त्याच्या पालकांच्या हाती पहिला कागद येतो तो हमीपत्राचा. प्रशिक्षणात इजा झाल्यास सर्वस्वी जबाबदारी पालकांची राहील, संस्थेची राहणार नाही, असा त्याचा सर्वसाधारण आशय असतो. ही स्वाक्षरी संस्थेला खरोखर जबाबदारीतून मुक्त करते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळातील धोक्याचे स्वरूप

फॉइल, एपी आणि सेबर ही या खेळातील तीन शस्त्रे होत. त्यांची पाती बोथट असतात. त्यामुळे खोल जखमा क्वचितच होतात. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धांच्या २००१ ते २००६ या काळातील अभ्यासात खेळ थांबवावा लागेल अशा दुखापतींचे प्रमाण दर १००० लढत-सहभागांमागे सुमारे ०.३ एवढेच आढळले. त्यांत पायाचे मुरगळणे व स्नायू ताणला जाणे हे प्रकार प्रामुख्याने होते.

परंतु बोथट पाते मोडले की त्याचे टोक धारदार होते. १९८२ मध्ये रोम येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सोव्हिएत संघाचा ऑलिम्पिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह याच्या मास्कची जाळी प्रतिस्पर्ध्याच्या मोडलेल्या पात्याने भेदली. पाते डोळ्यातून मेंदूपर्यंत गेले आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर पात्यांचे पोलाद, मास्क व पोशाख यांचे निकष कठोर करण्यात आले. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या आजच्या निकषांनुसार जॅकेटच्या कापडाने ८०० न्यूटन, तर मास्कच्या गळपट्टीने १६०० न्यूटन बल सहन करणे अपेक्षित असते. तात्पर्य, या खेळातील धोका अल्प असला तरी तो साधनांच्या स्थितीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. आणि साधनांची निवड व देखभाल बहुधा संस्थेच्याच हाती असते.

फौजदारी कायदा आणि संमती

भारतीय दंडविधानात तलवारबाजीचा थेट उल्लेख आहे, हे फारसे परिचित नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ८७ संमतीने झालेल्या इजेसंबंधी होते. दोन व्यक्ती करमणुकीसाठी परस्परांशी तलवारबाजी करण्यास कबूल झाल्या आणि नियमानुसार खेळताना एकाकडून दुसऱ्यास इजा झाली, तर तो अपराध नव्हे, असे उदाहरण या कलमाखाली दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये ही तरतूद उदाहरणासह कायम आहे.

या तरतुदीच्या मर्यादा मात्र ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली, हे संरक्षण नियमाने खेळणाऱ्यास आहे. लबाडीने केलेल्या प्रहारास नाही. दुसरी, मृत्यू किंवा जबर दुखापत घडविण्याचा उद्देश अथवा तशा संभाव्यतेची जाणीव असल्यास संमतीचा आधार उरत नाही. तिसरी, या कलमाखाली संमती देणारी व्यक्ती अठरा वर्षांवरील असावी लागते. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीस पालकाची संमती कलम २७ खाली ग्राह्य धरली जाते, पण तीही काही अटींच्या अधीन राहून. शिवाय हयगयीने मृत्यू घडविणे (कलम १०६) किंवा जीवित धोक्यात आणणे (कलम १२५) हे शासनाने चालवावयाचे अपराध आहेत. पालकाने खाजगी कागदावर दिलेल्या हमीने ते पुसले जात नाहीत.

दिवाणी दायित्व आणि करार

दिवाणी कायद्यात, जो स्वेच्छेने धोका पत्करतो त्यास त्या धोक्याबद्दल भरपाई मागता येत नाही, असे तत्त्व आहे. पण पत्करलेला धोका खेळात अंगभूत असावा लागतो. झेप घेताना घोटा मुरगळणे हा अंगभूत धोका होय. जाळी सैल झालेला मास्क विद्यार्थ्याच्या हाती देणे हा निष्काळजीपणा होय. दुसऱ्यास कोणी संमती दिलेली नसते.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते आणि तिने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात १९०३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे विद्यार्थ्याची स्वतःची स्वाक्षरी करार म्हणून निरुपयोगी ठरते. पालकाची स्वाक्षरी पालकापुरती असते. मुलाचा भरपाईचा हक्क तिने सहजासहजी संपत नाही. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार अज्ञान व्यक्तीस सज्ञान झाल्यानंतरही दावा दाखल करण्याची सवलत आहे.

करारातील अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्यास ती कलम २३ खाली निरर्थक ठरते. असमान सौदाशक्तीतून लादलेल्या अन्याय्य अटी या कलमात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रजोनाथ गांगुली या नोकरीविषयक खटल्यात सांगितले. सही केल्याखेरीज मुलास प्रवेशच नाही, अशा स्थितीतील पालकाच्या सहीस हे तत्त्व लागू करता येऊ शकते. इंग्लंडमध्ये तर १९७७ च्या कायद्याने व्यावसायिक सेवेतील निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यू वा शारीरिक इजेचे दायित्व करारान्वये टाळण्यास सरळ मनाई केली. भारतात इतकी स्पष्ट तरतूद नाही. म्हणून प्रत्येक प्रकरण न्यायालयास स्वतंत्रपणे तपासावे लागते.

शुल्क घेऊन प्रशिक्षण दिले जात असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चाही आधार घेता येतो. सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. अन्याय्य कराराविरुद्धची तक्रार मात्र राज्य वा राष्ट्रीय आयोगाकडेच करावी लागते.

विश्वासाने सोपविलेले मूल

शिक्षणसंस्थेचे दायित्व किती कठोर असते, याचे गंभीर उदाहरण १९९५ मधील आहे. बियास नदीकाठी सहलीस नेलेले डलहौसी पब्लिक स्कूलचे १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळेचे दायित्व मान्य करून प्रत्येकी पाच लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. पालक मुलास शाळेच्या स्वाधीन करतात तेव्हा ते आपल्या दक्षतेचा भार शाळेकडे सोपवीत असतात. हमीपत्र हा भार पुन्हा पालकांच्या खांद्यावर टाकू पाहते. परंतु त्या क्षणी मैदानावर पालक नसतात, प्रशिक्षक असतो.

हमीपत्राचे योग्य स्वरूप

याचा अर्थ हा कागद टाकाऊ आहे, असा नव्हे. पालकांना धोक्याची पूर्वकल्पना दिली होती, याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरतो. तो केवळ जबाबदारी झटकणारा न राहता दुतर्फी संमतीपत्र व्हावा, यासाठी त्यात पुढील बाबी असाव्यात :

१) खेळातील अंगभूत धोक्यांचे सुबोध मराठीत वर्णन.
२) मास्क, जॅकेट, प्लॅस्ट्रॉन, हातमोजा व पाती यांची नियमित तपासणी करण्याचे संस्थेचे आश्वासन, तसेच सदोष साधने बाद केल्याची नोंदवही.
३) प्रशिक्षकाची पात्रता आणि सरावाच्या वेळी त्याची प्रत्यक्ष उपस्थिती.
४) विद्यार्थ्याचे आजार, पूर्वीच्या दुखापती व रक्तगट यांची माहिती.
५) अपघात विम्याचा तपशील.
६) प्रथमोपचाराची सोय, रुग्णालयात नेण्याची व्यवस्था आणि तातडीच्या उपचारांस पालकांची संमती. दिंडोरीहून नाशिकचे जिल्हा रुग्णालय सुमारे २५ किलोमीटरवर असल्याने वाहन कोणाचे व सोबत कोण जाणार, हे आधीच ठरलेले असणे अगत्याचे आहे.

समारोप

दंडविधानातील तलवारबाजीच्या उदाहरणाचा गाभा नियमाने खेळणे हा आहे. हा नियम पट्टीवरील दोन खेळाडूंना जसा लागू आहे, तसाच तो संस्थेलाही लागू पडतो. प्रतिस्पर्ध्याच्या प्रामाणिक वाराने झालेली इजा खेळाडूने पत्करलेली असते. जीर्ण मास्कमुळे झालेली इजा कोणीही पत्करलेली नसते. म्हणून पालकांची स्वाक्षरी घेण्यापूर्वी संस्थेने साधने तपासावीत आणि त्या कागदावर स्वतःचीही स्वाक्षरी करावी. खर्चाचे कारण सांगून तपासणी टाळणाऱ्या संस्थेला कोणतेही हमीपत्र वाचवू शकणार नाही. आणि त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, ते हमीपत्र विद्यार्थ्यालाही वाचवू शकणार नाही.