हाक मारली आणि नाव पडलं

खोक्यातून नुकताच काढलेला प्रिंट सर्व्हर म्हणजे तळहातावर मावेल एवढी डबी. एका बाजूला प्रिंटर, दुसऱ्या बाजूला नेटवर्कची वायर. तिला ना पडदा, ना कीबोर्ड. सगळ्या ऑफिसचे कागद तिच्यामार्फत छापायचे तर तिला आयपी पत्ता हवा. पण तो तिला कळवायचा कसा? निरोप धाडायला पत्ता लागतो, आणि इथे निरोपच पत्त्याचा!

या कोड्याची एक जुनी उकल मला आजही थक्क करते. डबीला आयपी पत्ता नसला तरी जन्मखूण असते: ४८ बिटांचा मॅक पत्ता, स्टिकरवर बारा अक्षर-अंकांत छापलेला. शेजारच्या कॉम्प्युटरवर 'एआरपी' आज्ञेनं नोंद करायची, की १९२.१६८.१.५० म्हणजे ही जन्मखूण. खरं तर त्या पत्त्यावर अजून कुणीच राहत नाही. मग त्याच पत्त्याला 'पिंग' करायचं, म्हणजे हाक मारायची. कॉम्प्युटर नोंदीवर विसंबून पाकीट थेट डबीकडे पाठवतो. डबी बघते: खूण माझी, वरचा पत्ता मात्र अनोळखी. ही सोय असलेले प्रिंट सर्व्हर तोच पत्ता आपला मानत आणि पिंगला ओ देत. बारशाला आत्या कानात नाव सांगते ना, तसंच! ॲक्सिस कंपनीच्या नेटवर्क कॅमेऱ्यांत तर हे पिंग नेमकं ४०८ बाइटांचं लागे. भलत्या हाकेनं नाव पडायला नको.

आता हे काम बहुधा डीएचसीपी करतं. ही पद्धत १९९३ची. चालू होताच डबी ०.०.०.० या बिननावाच्या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ला, म्हणजे अख्ख्या आळीला, पत्ता मागते. राउटर एक देऊ करतो, डबी होकार कळवते, राउटर तो पक्का करतो. पण भाड्यानं; साधारण निम्मी मुदत सरली की डबी ती वाढवून मागते. फोनला पत्ता बदललेला चालतो. पण प्रिंटरचा बदलला, तर सगळ्यांची पानं जुन्या दारी जातात. म्हणून राउटरमध्ये त्या जन्मखुणेच्या नावे एक पत्ता राखूनच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

प्रिंटर सापडेनासा झाला, तर त्याच्याकडून सेटिंगचं पान छापून घ्या. पत्ता १६९.२५४नं सुरू होत असेल, तर त्याच्या हाकेला कुणी ओ दिलेली नाही. त्यानं आपलं नाव आपणच ठेवून घेतलंय.