सवय लावली कुणी, भुर्दंड कुणाला

ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने रेल्वेची आरक्षित तिकिटं इंटरनेटवर विकायला सुरुवात केली. संगणकावर पैसे भरायचे आणि छापील तिकिटाची वाट बघत बसायचं. ते कुरियरने घरी यायचं. अंधेरी-बोरिवलीच्या सायबर कॅफेत कार्डाचा नंबर टाकताना लोकांची छाती धडधडायची. कागद हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. २००५ मध्ये ई-तिकीट आलं, तरी पुढे कितीतरी वर्षं माणसं त्याच्या दोन-दोन प्रती छापून बॅगेत आणि खिशात ठेवत. आशिष हेमराजानी यांनी १९९९ मध्ये मुंबईत सिनेमाची तिकिटं विकणारी बिगट्री सुरू केली, तेव्हा त्यांनाही फोनवर बुकिंग घेऊन तिकिटं घरपोच पाठवावी लागली. त्याच कंपनीचं बुकमायशो हे आज तोंडी बसलेलं नाव आलं २००७ मध्ये. तंत्र तयार होतं, गिऱ्हाईक तयार नव्हतं.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पासवर्डची अट घातली. भीती थोडी कमी झाली, पण खरा बांध फुटला तो २०१० मध्ये, फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी आणल्यावर. आधी वस्तू, मग पैसे. ज्याच्याकडे कार्ड नव्हतं, ज्याचा बँकेवर भरवसा नव्हता, तोही घाटकोपरच्या चाळीतून पुस्तक मागवू लागला. या सोयीने आपल्याकडचा ऑनलाइन बाजार उभा केला, हे मान्यच करायला हवं. पण मागवणं फुकट आणि नाकारणंही फुकट, हेही तिनेच आपल्याला शिकवलं.

पुढची पाच-सहा वर्षं कंपन्यांनी ही सवय पैसे ओतून पोसली. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टच्या बिग बिलियन डेला एवढी झुंबड उडाली की साइट कोलमडली आणि संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. आपल्या उपनगरांत या काळाचं केंद्र होतं पवई. आयआयटीतून बाहेर पडलेल्या पोरांनी तिथे घरं शोधायचं हाउसिंग डॉट कॉम काढलं, जेवण मागवायचं टायनीआउल काढलं. जेवण मागवायला आज एका ॲपवर पन्नास टक्के सूट, उद्या दुसऱ्यावर शंभर रुपये परत. कूपन संपलं की माणसं ॲप काढून टाकत आणि घरातल्या दुसऱ्या नंबरावरून नवं खातं उघडत. गुंतवणूकदार आकडे बघून खूश होते, पण त्या आकड्यांत टिकणारं गिऱ्हाईक किती, हे सूट बंद झाल्यावर कळायचं. नोव्हेंबर २०१५ मध्ये टायनीआउलच्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. २०१६ मध्ये ती कंपनी दुसरीत विलीन झाली. किराणा घरपोच देणारी मुंबईची लोकलबनियाही २०१५ मध्येच थांबली. या कंपन्यांच्या चुका त्यांच्या होत्या. पण कूपनपुरती निष्ठा दाखवणारे आपण होतो, हेही नोंदवून ठेवायला हवं.

मोठ्यांचा पैसा आटला, सवय मात्र राहिली. आणि ती जाऊन आदळली लहानांवर.

मुलुंड पूर्वेला फराळ करणाऱ्या एक काकू माझ्या ओळखीच्या आहेत. मुलाने इन्स्टाग्रामवर पान काढून दिलं, तेव्हा परगावाहूनही ऑर्डरी येऊ लागल्या, बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरीच्या. एका दिवाळीत गेलेलं एक पार्सल भाऊबीज उलटून गेल्यावर परत आलं. शेरा होता, ग्राहकाने घेण्यास नकार दिला. काकूंनी खोकं ओट्यावर उघडलं. चकलीचे तुकडे झाले होते, चिवडा सादळला होता, बेसनाच्या लाडवाचं तूप कागदाला लागलं होतं. जायचं भाडं काकूंचं, यायचंही काकूंचं. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, ‘आमच्याकडे तोवर दुसरीकडून आला होता हो.’ काकू मला म्हणाल्या, ‘पैसे गेले ते गेले, पण हे आता खाणार कोण?’

मोठ्या विक्रेत्याकडे परतीचा माल हा हिशेबातला एक रकाना असतो. तो खर्च तो सगळ्या मालाच्या किमतीत थोडाथोडा वाटून टाकतो, म्हणजे शेवटी घेणारा न घेणाऱ्याचेही पैसे भरतो. घरातून कुर्ते विकणारीकडे असा रकाना नसतो. सणात चार नग वाटेत अडकले की पुढचं कापड उचलायला भांडवल उरत नाही. घालून, फोटो काढून, टॅग लावून परत केलेला कुर्ता तर नवा म्हणून विकताही येत नाही.

हॉटेलवाल्यांचा संताप ऑगस्ट २०१९ मध्ये बाहेर पडला. झोमॅटो गोल्डसारख्या सवलतींविरुद्ध गुरुग्रामपासून सुरू झालेली लॉगआउट मोहीम मुंबईतही पोचली. एकावर एक फुकट मिळतं म्हणून येणारा माणूस पूर्ण दराने कधीच परत येत नाही, ही त्यांची तक्रार होती. ती मला पटते. ॲपवरच्या अभिप्रायातल्या ताऱ्यांचंही तसंच. डिलिव्हरीचा मुलगा पावसात अडकला म्हणून वडेवाल्याला एक तारा देणारे आपल्यात कमी नाहीत. वडा कसा होता, त्याबद्दल अक्षर नाही. दुसरीकडे पैसे देऊन पाच-पाच तारे लिहून घेणारे दुकानदार. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक.

माणसं मुळात वाईट वागतात, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत उलटं घडताना आपण पाहिलं. बाजार बंद, हापूस तयार. कोकणातले बागायतदार थेट सोसायट्यांशी बोलले. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत व्हॉट्सॲप गटांवर नावं लिहिली गेली, पैसे यूपीआयने आधीच गेले आणि टेम्पो गेटवर आला की लोक मास्क लावून पेट्या उचलून नेत. आमच्या इमारतीत तरी कुणी मागे फिरल्याचं आठवत नाही. यादीत नाव होतं आणि यादी शेजारी वाचत होते.

ती लाज अनोळखी रांगेत उरत नाही. २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी दुपारी कोल्डप्ले या बँडच्या कार्यक्रमाची तिकिटं बुकमायशोवर खुली झाली, तेव्हा घरातले सगळे फोन, लॅपटॉप, ऑफिसातल्या मित्रांची खाती एकाच वेळी रांगेत उभी होती. त्यात गाणं ऐकायचं नसून तिकीट विकायचंय असेही होते. अडीच हजारांपासूनची तिकिटं काही वेळात इतर साइटवर कितीतरी पट भावाने दिसू लागली. प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेलं आणि जाब विचारला गेला कंपनीला. तो विचारायलाच हवा होता. चढ्या भावाने विकणाऱ्या हजारो हौशी हातांना मात्र कुणी काही विचारलं नाही.

काकूंनी आता कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली आहे. निम्मे पैसे आधी, पार्सल निघण्यापूर्वी एक फोन, आणि धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी परगावच्या ऑर्डरी थांबवायच्या. गिऱ्हाईक पूर्वीपेक्षा कमी झालंय, त्याची त्यांना खंत आहे. पैसे आधी द्यायला बिचकणाऱ्यांत अगदी प्रामाणिक माणसंही असतात, हे त्यांना ठाऊक आहे. पण खोकी परत येत नाहीत, आणि गेल्या वर्षी भाजणीला बसायला शेजारची आणखी एक बाई त्यांना पगारावर घेता आली.