मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा दोन

अंधेरी-घाटकोपरच्या मुलांना डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचे अप्रूप नसते. पण मुंबई-लंडन विमानांचे वेळापत्रक पाहिलेत, तर एक कोडे पडेल. दोन्ही शहरांच्या घड्याळांतील फरक वजा केला, तरी लंडनला जायला परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. असे का?

आधी अंतर मोजू. शाळेतील ३० सें.मी. व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. त्याचा परीघ सुमारे ९४ सें.मी., तर पृथ्वीचा सुमारे ४०,००० कि.मी. म्हणजे गोलावरील १ सें.मी. बरोबर सुमारे ४२५ कि.मी. मुंबई व लंडन यांमध्ये दोरा ताणून धरा. तो सुमारे १७ सें.मी. भरेल, म्हणजे अंतर झाले सुमारे ७,२०० कि.मी. हा दोरा म्हणजे बृहत्‌वृत्ताचा कंस, गोलावरील सर्वांत जवळची वाट. ती कराचीजवळून इराण, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. सपाट नकाशावर काढलेली सरळ रेघ मात्र बरीच दक्षिणेकडून जाते.

विमान याच वाटेने जाईल असे नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत. दोरा या शहरांवरून न्या; अंतर सुमारे ७,९०० कि.मी. भरेल. पुढे विना थांबा उडणारी विमाने आली, तरी हद्दींची अडचण राहिलीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. वळसा पडला की वेळ व इंधन दोन्ही वाढतात.

आता आपले कोडे. “पृथ्वी फिरते म्हणून,” असे कोणी म्हणेल. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत असताना ती खालून सरकली असती, तर लंडनच विमानाकडे आले असते आणि जाणे लवकर झाले असते! घडते नेमके उलट. कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

खरे कारण आहे वारा. विमाने ज्या ९ ते १२ कि.मी. उंचीवरून उडतात, तेथे या वाटेवर बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात; हिवाळ्यात ते अधिकच प्रबळ होतात. समजा, हवेच्या सापेक्ष विमानाचा वेग ताशी ९०० कि.मी. आणि वाऱ्याचा १०० कि.मी. जाताना वेग ८०० उरतो, वेळ ९ तास. येताना वेग १,००० होतो, वेळ ७ तास १२ मिनिटे.

बेरीज करा : १६ तास १२ मिनिटे. वारा नसता तर १६ तासच लागले असते. म्हणजे वारा जेवढे घेतो, तेवढे परत देत नाही! कारण सोपे आहे. विरुद्ध वाऱ्यात विमान ९ तास राहते, अनुकूल वाऱ्यात मात्र सव्वासात तासांहूनही कमी.

वाऱ्याचा वेग दुप्पट, म्हणजे ताशी २०० कि.मी. धरून हाच हिशेब करा. १२ मिनिटांचा तोटा दुप्पट होतो की अधिक? किती पट, आणि का, ते वर्गात सिद्ध करून दाखवा.