गाळणीतून उतरलेला कागद

पहिली ओळ डाव्या कडेपासून. दुसरी, पहिली जिथं संपली तिथून खाली. तिसरी आणखी उजवीकडे, आणि चौथीला कागदच पुरला नाही. १९९८ साली लिनक्सला लेसरजेट प्रिंटर जोडला तेव्हा माझ्या हाती आलेलं हे पहिलं पान. युनिक्सवाले याला जिना म्हणतात. कारण साधं आहे: युनिक्स आणि त्याच्याच वळणाचं लिनक्स ओळीच्या शेवटी फक्त ‘खाली उतर’ सांगतं, प्रिंटरला ‘डावीकडे परत ये’ हेही ऐकायचं असतं.

तोडगा म्हणजे फिल्टर. बर्कलीच्या युनिक्सपासून चालत आलेल्या एलपीडी या छपाई सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या प्रिंटकॅप नावाच्या फाइलमध्ये त्याचा पत्ता लिहायचा. छापायचा मजकूर एका बाजूनं आत येतो, दुसऱ्या बाजूनं प्रिंटरकडे जातो. माझा फिल्टर तीन ओळींचा होता. आधी एस्केप आणि त्यामागे &, के, २, जी ही चार अक्षरं, म्हणजे प्रिंटर प्रत्येक ओळीला डावीकडे परततो; मग मजकूर; शेवटी पान बाहेर काढणारा फॉर्म फीड. जिना नाहीसा झाला.

फिल्टरनं जाताना शून्य सांगितलं की काम झालं, दोन सांगितलं की काम टाकून द्या, एक सांगितलं की पुन्हा करा. मी चुकून एक ठेवला होता. एकच पान रात्रभर छापलं गेलं, सकाळी ट्रे रिकामा.

मग पोस्टस्क्रिप्टची पानं आली. ती भाषा स्वस्त प्रिंटरना समजत नसे. फाइलची पहिली दोन अक्षरं % आणि ! दिसली की ती प्रिंटरला समजेल अशा रूपात बदलून देणाऱ्या, पीटर डॉइच यांच्या घोस्टस्क्रिप्टकडे वळवायची. हे ओळखण्याचं काम मॅजिकफिल्टर आणि एपीएसफिल्टरनं अंगावर घेतलं. १९९९ मध्ये मायकेल स्वीट यांचं कप्स हे छपाईचं सॉफ्टवेअर आलं आणि फिल्टरांची साखळी ते स्वतःच जुळवू लागलं; २००२ पासून मॅकही त्याच्यावरच छापतो. आता बहुतेक नवे प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालतात. सोय मोठी आहे, ती मला हवीच आहे. पण पान बिघडलं की उघडून वाचता येईल अशी तीन ओळींची फाइल आता सापडत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण माझ्यासाठी मराठी छापण्याचा रस्ताही अशाच एका फिल्टरनं उघडला. युनिकोडमधला साधा मराठी मजकूर थेट प्रिंटरकडे पाठवला की एकेका अक्षराचे तीन बाइट सुटे व्हायचे आणि कागदावर डोक्यावर रेघा असलेली युरोपीय अक्षरं उमटायची. पॅप्स हा फिल्टर मजकूर आधी अक्षरांची मांडणी करणाऱ्या पँगोकडून जुळवून घेतो, मग छापायला पाठवतो. मी एक छोटी फाइल एलपीआर या छापण्याच्या आज्ञेला दिली. कागद बाहेर आला. ‘विद्यार्थी’मधली वेलांटी ‘व’च्या आधी होती, ‘द’ला ‘य’ जोडलेला होता आणि रफार ‘थी’च्या डोक्यावर.